ओल्या कचऱ्यातली ढवळाढवळ

नवी मुंबईच्या माणसाला इंदूरबद्दल काय वाटतं हे जाणून घ्यायचं असेल, तर स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागल्याच्या संध्याकाळी त्याला गाठावं. 2020 साली देशात पहिलं इंदूर, आपण तिसरे. 2021 साली पहिलं इंदूर, आपण चौथे. 2022 साली पुन्हा पहिलं इंदूर, आपण तिसरे. 2023 साली इंदूरनं पहिल्या नंबरच्या खुर्चीवर जरा सरकून सुरतेला जागा दिली. आता तरी कोणीतरी उठेल असं आपल्याला वाटलं, पण दोघंही तिथंच बसून राहिले आणि आपण तिसरे. इकडे आपल्या भिंतींवर 'निश्चय केला, नंबर पहिला' असं ठसठशीत रंगवलेलं. निश्चयात आपण कमी पडलो असं कोणी म्हणणार नाही. निश्चय दरवर्षी होतो आणि त्याला रंगही दरवर्षी नवा लागतो.

यात इंदूरची लबाडी अशी, की त्यांनी अभ्यास फारच लवकर सुरू केला. 1924 साली. तेव्हा आपल्या वाशी-नेरूळच्या बाजूला खाडी होती, मिठागरं होती, भातखाचरं होती आणि सर्वेक्षणाला येईल असं कोणी नव्हतं. सिडको जन्माला यायचीच मुळी 1970 साली. इंदूरला मात्र अल्बर्ट हॉवर्ड नावाचे साहेब होळकरांच्या राज्यात वनस्पतीसंशोधनाची संस्था काढून पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली माती असं एकावर एक रचत होते आणि त्याचं काय होतं ते निरखत होते. त्यांच्या जोडीला रसायनशास्त्राची बाजू सांभाळणारे यशवंत वाड. दोघांनी मिळून 1931 साली शेतीतल्या टाकाऊ पदार्थांवर पुस्तक लिहिलं आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. आज परदेशात कोणी परसातल्या ढिगाला खुरपं लावतो तेव्हा त्याच्यामागे हॉवर्डसाहेबांइतकेच वाडही उभे असतात. अर्थात पद्धतीला नाव इंदूरचं मिळालं. तिथंही पहिला नंबर त्यांचाच.

या पद्धतीचं मर्म म्हणजे ढीग रचून तसाच सोडायचा नाही, ठरावीक दिवसांनी तो पालटायचा. वरचं खाली, कडेचं मध्ये. मग तीन महिन्यांत खत. इथपर्यंत सगळं सोपं आहे. पण शेतीखात्याच्या पत्रकापासून निसर्गमित्रांच्या पुस्तिकेपर्यंत कोणतंही साहित्य उघडा, त्यात 'ढीग पालटावा' इतकंच असतं. कोणी पालटावा, हे कुठंही नसतं. हॉवर्डसाहेबांकडे संस्थेचे मजूर होते. आमच्याकडे व्यवस्थापन समिती आहे.

पुसदला हा प्रश्न एका माणसानं मुळातूनच निकालात काढला. नारायणराव पांढरीपांडे, म्हणजे सगळ्यांचे नाडेप काका. त्यांनी विटांची दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी टाकी बांधली आणि बांधतानाच भिंतींना भोकं ठेवली. आत पालापाचोळा, शेणकाला, माती यांचे थर, वरून शेणामातीनं लिंपण. हवा भोकांतून येते-जाते, ढवळायची भानगड नाही. तीन-चार महिन्यांनी लिंपण फोडा, खत काढा. विदर्भातल्या उन्हाची ज्याला कल्पना आहे त्याला या शोधामागचं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे कंपोस्टच्या बाबतीत मराठी माणसाचे दोन पंथ फार आधीपासून आहेत. एक म्हणतो ढवळा, दुसरा म्हणतो ढवळू नका. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हेच दोन पंथ आहेत, फक्त त्यांना आपापल्या गुरूंची नावं माहीत नाहीत.

आमची सोसायटी नेरूळला. 2016 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारचे घनकचऱ्याचे नवे नियम आले आणि रोज शंभर किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक म्हणायचं ठरलं. मोठ्या आवारांनी आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असंही त्यात होतं. सेक्रेटरींनी ही सूचना बोर्डावर लावली तेव्हा लोकांना पहिल्यांदा थोडा अभिमानच वाटला. 'उत्पादक' म्हणून आमची सरकारदरबारी नोंद यापूर्वी कधी झाली नव्हती. अभिमान ओसरल्यावर बी-703 चे काका म्हणाले, "जिरवायचा म्हणजे कुठं? पार्किंगमध्ये?"

या शहरात कुठलाही प्रश्न विचारला की तो पार्किंगपर्यंतच जातो. खजिनदारांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. रोज शंभर किलो ओला कचरा, तीन महिने मुक्काम, म्हणजे नऊ हजार किलो आवक. सडता सडता तो आकसतो हे मान्य केलं, तरी त्यात भुसा घालायचा, ढीग छातीएवढाच ठेवायचा आणि फावडं घेऊन माणूस फिरेल इतकी वाट सोडायची, तर दोन-तीन गाड्यांची जागा जाणार. सभेत शांतता पसरली. ओझोनचा थर, समुद्राची पातळी, हिमनद्या यांवर आमच्या सोसायटीत बरंच बोललं जातं. पण तीन गाड्यांची जागा म्हणजे वेगळीच गोष्ट.

तरीही मागच्या भिंतीलगत, जिथं एरवी कोणी गाडी लावत नाही कारण वरून नारळ पडतात, तिथं खड्डे झाले. आम्ही इंदूर पंथ स्वीकारला. पालटण्याचं काम बागेच्या माळीबुवांकडे गेलं. माळीबुवांनी ते एकदा केलं आणि मग समितीपुढे उभं राहून अगदी शांतपणे सांगितलं, "साहेब, झाडाला काय हवं ते मी करतो. तुमच्या घरातलं मी ढवळणार नाही." त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ओल्या कचऱ्याइतकं खासगी दुसरं काही नसतं. ढिगात फावडं घातलं की कोणाकडे रविवारी काय शिजलं, कोणाच्या घरी पाहुणे होते, कोणाचा उपास साबुदाण्यावर भागला आणि कोणी कोलंबी आणून शेजाऱ्यांना विचारलंही नाही, हे सगळं वर येतं. आणि हे सगळं वर आणायचं काम आपल्याकडे पिढ्यानपिढ्या एकाच उतरंडीतल्या माणसांवर टाकलेलं. ती माणसं आता नाही म्हणत असतील तर ही शहराच्या प्रगतीची खरी खूण आहे. सर्वेक्षणात तिला गुण नाहीत.

मग समितीनं ठरवलं की प्रत्येक विंगनं आळीपाळीनं श्रमदान करायचं. पहिल्या रविवारी सेक्रेटरी आले. दुसऱ्या रविवारी सेक्रेटरी आले. पुढं जुलै आला.

जुलैत नवी मुंबईत पाऊस कसा पडतो हे ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं सांगायला नको. खताच्या ढिगाला ओलावा लागतो, साधारण पन्नास ते साठ टक्के. मूठभर घेऊन पिळलं तर हाताला ओल लागावी, धार लागू नये. आमच्या ढिगाला धार लागायची. पाण्यानं मधल्या सगळ्या पोकळ्या भरल्या की हवा संपते, हवेवर जगणारे जंतू मरतात किंवा गप्प बसतात, आणि हवेशिवाय जगणारे कामाला लागतात. तेही कचरा कुजवतातच, पण त्यांची पद्धत मंद आणि वास भीषण. शिवाय त्यातून मिथेन निघतो, जो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून जास्त ताकदीचा. डी विंगच्या वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मिथेनचं मला ठाऊक नाही, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांचं बोला."

वास सुटला तसा लोकांनी आपापल्या पातळीवर मार्ग शोधला. रात्री अकरानंतर लिफ्टमध्ये माणसं भेटू लागली. हातात काळी पिशवी, चेहऱ्यावर शतपावलीचा भाव. शतपावली सोसायटीच्या गेटाबाहेर, रस्त्याच्या वळणापर्यंत जायची आणि येताना हात रिकामे असायचे.

अशा वेळी यंत्र आलं नसतं तर समिती पडली असती. यंत्र विकणारे तसे बरेच येऊन गेले. पहिले गृहस्थ चोवीस तासांत खत देणार होते. कचरा आत, झाकण बंद, दुसऱ्या दिवशी तपकिरी भुकटी, वासही खमंग. सभा हरखून गेली. फक्त सी विंगच्या आजी, ज्या अख्खं आयुष्य वाळवणं करत आल्या, त्यांनी भुकटी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "हे कुजलेलं नाही हो, हे भाजलंय." शास्त्रही हेच म्हणतं. आत हीटर लावून पाणी उडवलं की वजन उतरतं, पण जंतूंनी काम केलेलं नसतं. भुकटीवर पाणी पडलं की कचरा जिथं थांबला होता तिथून पुन्हा कुजायला लागतो, तोही कुंडीत, तुळशीच्या मुळाशी. जंतूंना चोवीस तासांची मुदत घालून देता येत नाही, ते काही आयटीत नाहीत. खजिनदारांना हे शास्त्र तितकंसं पटलं नव्हतं, पण हीटरचं वीजबिल ऐकल्यावर पटलं.

शेवटी आलं ते साधं फिरतं पिंप. आडवा लोखंडी ड्रम, आत पाती, एका टोकाला मोटर. त्याच्या आधी कचरा चिरणारं छोटं यंत्र. वरून घालायला लाकडाचा भुसा आणि कल्चरची पाकिटं. हे यंत्र काही जादू करत नाही, आणि याच कारणानं माझा त्याच्यावर विश्वास बसला. हॉवर्ड आणि वाड यांनी जे मजुरांकडून करून घेतलं तेच ते करतं. पालटतं. फक्त त्याला पालटायला लाज वाटत नाही, ते रजा मागत नाही आणि आत कोणाची कोलंबी आहे याची चौकशी करत नाही.

पालटण्यानं नेमकं काय होतं, हा प्रश्न सभेत आला. ड्रम बसवायला आलेल्या तरुण इंजिनिअरनं कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर सांगायला सुरुवात केली. पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन असलं की जंतू खूश असतात, म्हणून भाजीच्या सालींबरोबर भुसा. लोक मोबाइल काढू लागले. तेव्हा आजींनीच सूत्रं हातात घेतली. "शिरा ढवळला नाही तर काय होतं? खाली करपतो आणि वर रवा कच्चा राहतो." सभेला एका वाक्यात ते समजलं, आणि इंजिनिअरनं ते वहीत लिहून घेतल्याचं मी पाहिलं.

खरोखरच तसं होतं. चांगला जमलेला ढीग आतून पंचावन्न-साठ अंशांपर्यंत तापतो. हात घातला तर चटका बसतो. थंडीत सकाळी उघडला तर वाफ निघते. ही उष्णता कोणी बाहेरून दिलेली नसते, जंतूंच्या जेवणातून ती निघते. रोगजंतू, माशांच्या अळ्या, तणांचं बी, टोमॅटोच्या बिया, सगळं त्यात मरतं. पण कडेचा भाग थंडच राहतो आणि माशी नेमकी तिथंच अंडी घालते. म्हणून कडेचं मध्ये न्यायचं. उलट मध्यभागी तापमान सत्तरीकडे गेलं तर कामाचे जंतूच भाजून निघतात, म्हणून मधलं बाहेर काढायचं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं 1993 साली सांडपाण्याच्या गाळापासून खत करणाऱ्यांना तर आकडाच घालून दिला. उघड्यावर लांब ढीग लावणार असाल तर पंचावन्न अंशांवर किमान पंधरा दिवस आणि त्या काळात किमान पाच वेळा उलथापालथ. बंद भांड्यात करणार असाल तर त्याच तापमानाला तीन दिवस पुरे. सरकारनं ढवळण्याचा कोटा ठरवून दिल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

आणखी एक गंमत. ढीग पालटल्यानं आत प्राणवायू जातो असं आपण सगळेच म्हणतो, पण तो आत गेलेला प्राणवायू भुकेले जंतू काही तासांतच संपवतात. मग उपयोग काय? उपयोग असा की दबून घट्ट बसलेला माल भुसभुशीत होतो, गोळे फुटतात, ओल सगळीकडे सारखी पसरते, आणि मग हवा आपली आपण खेळत राहते. माळीबुवांच्या फावड्यानं गोळे जागचे उचलून पलीकडे जात, गोळेच राहून. ड्रममधली पाती त्यांना फोडतात. त्यामुळे तीन महिन्यांचा पहिला अंक दोन-तीन आठवड्यांत उरकतो. त्यानंतर मात्र खत बाहेर काढून आणखी काही आठवडे निवांत मुरू द्यावं लागतं. मुरवण्याला यंत्र नाही. कोणी सांगितलं की आहे, तर त्याच्याकडे हीटर असणार.

म्हणजे जागा वाचली, वास गेला आणि मोटर दिवसातून थोडाच वेळ फिरत असल्यानं वीजबिल लिफ्टच्या बिलापुढे नगण्य आलं. पावसाला तर ड्रमनं विचारलंच नाही. पण या यंत्राचा सगळ्यात मोठा फायदा कुठल्याही माहितीपत्रकात नाही. यंत्र आल्याबरोबर कचरा हा विषय प्रतिष्ठित झाला. ज्या रविवारी श्रमदानाला एकटे सेक्रेटरी आले होते, त्याच वेळी आता ड्रमभोवती चाळीसेक माणसं उभी राहू लागली. बटण दाबायला तर रांग. निवृत्त अभियंत्यांनी ड्रम मिनिटाला किती फेरे घेतो ते मोजलं आणि तो जरा हळू फिरायला हवा असं मत दिलं. बी-703 च्या काकांनी पाहुण्यांना आधी पाम बीच रोड दाखवायचा क्रम बदलून आधी ड्रम दाखवायला सुरुवात केली. फावडं हातात घ्यायला कोणी तयार नव्हतं, पण मशीन ऑपरेटर व्हायला सगळे. ज्या मुलाला आम्ही शेवटी ऑपरेटर म्हणून ठेवलं, त्याला हातमोजे मिळाले, गमबूट मिळाले, छातीवर नाव लिहिलेला गणवेश मिळाला. ढीग तोच, पण खड्ड्यापाशी कोणी माळीबुवांना साधं पाणी विचारलं नव्हतं आणि या मुलाला डी विंगमधून चहा येतो.

यंत्राला न येणाऱ्या गोष्टीही आहेत. वेगळं करणं त्याला येत नाही. हिरवा डबा ओल्याचा, निळा सुक्याचा, हे नर्सरीतल्या पोरांना पाठ आहे; नापास होतात ते पदवीधर. कचरा चिरणाऱ्या यंत्राच्या पात्यांनी पहिल्याच महिन्यात काय काय पाहिलं! आमटीचा डाव, पेनाची टोपणं, दाराची कडी, आणि एक अख्खं शहाळं. शहाळं टाकणारा कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते फळ आहे आणि फळ ओलं असतं, असा युक्तिवाद करणारे तिघं जण सभेत निघाले. हापूसच्या दिवसांत कोयांचा प्रश्न येतो. आंबा नाकापर्यंत ओघळत खाल्लेला असतो, साल विरघळून जाते, पण कोय ड्रममधून जशी गेली तशी बाहेर येते, थोडी तांबूस होऊन. सोलून काढलेल्या बोंबलाचं डोकं दोन दिवसांत गायब. कोंबडीचं हाड मात्र महिनोन्महिने कोंबडीचंच राहतं. गणपतीत निर्माल्याचा निर्णय समितीनं फार विचार करून घेतला. शहरात महापालिका विसर्जनस्थळी निर्माल्य वेगळं गोळा करून त्याचं खत करतेच, मग आपणही ते ड्रममध्ये घालावं असं ठरलं. फक्त ज्या दिवशी निर्माल्य, त्या दिवशी कोलंबी नाही. जंतूंना हा भेद कळत नाही, पण ऑपरेटरला बजावून ठेवलं आहे.

आमचा ड्रम ही खेळण्यातली गोष्ट वाटावी असा कचरा याच शहरात निघतो. फळांचा आणि भाजीपाल्याचा घाऊक बाजार 1996 साली मुंबईहून वाशीला आला, तेव्हापासून मुंबई खाते आणि देठं आमच्याकडे राहतात. मेथीच्या काड्या, फ्लॉवरचे पाले, फुटलेली कलिंगडं, दबलेले टोमॅटो. पण या मालात निसर्गानं आणि आडत्यांनी मिळून एक सोय करून ठेवली आहे. फळ ओलं, तर ते ज्यात बांधून येतं तो पेंढा कोरडा. आंब्याच्या पेटीतच कार्बन आणि नायट्रोजन शेजारी शेजारी बसून येतात. वाशीला इंदूर पद्धत जमायला हॉवर्डसाहेबांनी याहून काय मागितलं असतं?

इतक्या मोठ्या कामाला ड्रम पुरत नाही. तिथं कचऱ्याचे लांबच लांब वरंबे घालतात. महापालिकेचा तुर्भ्याचा खत प्रकल्प याच मोठ्या प्रमाणावरच्या कामाचा. असले वरंबे आपल्या देशात बहुतेक ठिकाणी जेसीबी किंवा लोडरनं पालटले जातात, आणि जेसीबीचं आपल्या जनमानसातलं स्थान 2019 च्या उन्हाळ्यात समाजमाध्यमांवर सिद्ध झालेलंच आहे. त्याचं काम बघायला गर्दी होते. पण खताच्या दृष्टीनं तो गडी जरा आडदांड. बादलीभर उचलतो, पलीकडे आपटतो आणि जाता जाता चाकाखाली चार हात माल दाबून टाकतो. खास पालटण्यासाठी बनवलेलं यंत्र वरंब्याच्या दोन्ही अंगांना चाकं टाकून त्याच्यावरून चालत जातं. पोटाखाली दातेरी रूळ फिरत असतो. तो सगळा माल उसकटून, उडवून, मागं पुन्हा वरंबा रचून ठेवतो, आधीपेक्षा फुगीर. मजुरांच्या टोळीचा दिवसभराचा घाम ते घटकाभरात वाचवतं. शिवाय वरंब्यातून उठणारी ती अमोनियाची वाफ आणि बुरशीची धूळ माणसाच्या छातीत न जाता हवेत जाते. चालवणारा काचेआड बसलेला असतो. मला विचाराल तर यंत्राच्या बाजूचा एवढा एक मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांना भारी आहे. त्यावर सभेत कोणी बोलत नाही, कारण सभेतलं कोणी वरंब्यावर जात नाही.

जे कुजवलं नाही त्याचं काय होतं, तेही याच शहरात पाहता येतं. कोपरखैरण्याला जुनी कचराभूमी शास्त्रशुद्ध बंद करून तिच्यावर निसर्गोद्यान केलं आहे. सकाळी शेकडो माणसं तिथं वजन कमी करायला चालतात, आणि त्यांच्या पायाखाली त्यांनीच वर्षानुवर्षं केलेला कचरा मातीच्या थराखाली दडलेला आहे. उद्यान छान आहे. पण दर काही वर्षांनी एक नवं उद्यान परवडेल इतकी जमीन सिडकोनंही ठेवलेली नाही.

आम्ही ड्रमचं पहिलं खत चाळत होतो तेव्हा कोणीतरी बातमी आणली की इंदूर पुढं गेलं. फेब्रुवारी 2022 मध्येच त्यांनी रोज 550 टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजीचा प्रकल्प सुरू केला होता. तिथं हवा बंद करून कचऱ्यातून मिथेन काढतात आणि त्यावर शहराच्या बसगाड्या चालवतात. म्हणजे ज्या गावानं शंभर वर्षांपूर्वी 'पालटा, हवा खेळू द्या' असं जगाला सांगितलं, त्यानंच आता झाकण लावून टाकलं. सभेत पुसद पंथाचे लोक लगेच ताठ बसले. "आम्ही म्हणतच होतो, ढवळू नका," बी-703 चे काका म्हणाले, ज्यांनी त्या दिवशी सकाळीच पाहुण्यांकडून ड्रमचं बटण दाबून घेतलं होतं. सोसायटीत गॅसचा प्रकल्प करावा का, यावर उपसमिती नेमली आहे. जागा अर्थातच पार्किंगमधली लागेल.

खत मात्र उत्तम आलं. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास. प्रयोगशाळेत तपासून घेतलं, तर कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला सांगितलेल्या वीसच्या आत. अहवाल बोर्डावर लावला. पहिल्या वाटपाला झुंबड उडाली. ज्यांनी कधी ओला कचरा वेगळा दिला नव्हता त्यांनीही मेंटेनन्स भरतो म्हणून हक्क सांगितला. तीन खोल्यांवाल्यांनी कार्पेट एरियाच्या प्रमाणात वाटा मागितला.

अडचण दुसऱ्या वाटपापासून सुरू झाली. खिडकीच्या ग्रिलमध्ये फार तर चार कुंड्या, त्यातली एक तुळस, एक कोरफड, आणि दोन रिकाम्या. त्यांना किती खत लागणार? शंभर किलो कचऱ्यातून वीस-पंचवीस किलो खत धरलं तरी ते रोज तयार होतं, आणि आमचं यंत्र थांबत नाही. बाग भरली. रस्त्याच्या दुभाजकातल्या झाडांना घातलं. जवळच्या शाळेला दिलं. त्यांनी आभाराचं पत्र पाठवून पुढच्या वर्षीही आठवण ठेवा असं लिहिलं, त्यातला 'पुढच्या वर्षी' हा भाग सेक्रेटरींनी दोनदा वाचला. अखेर नोटीस लागली. ओला कचरा वेगळा न देणाऱ्या सभासदाला दंड होताच. आता वाट्याचं खत उचलून न नेणाऱ्यालाही दंड.

तेव्हापासून रात्री अकरानंतर लिफ्टमध्ये पुन्हा माणसं भेटू लागली आहेत. हातात पिशवी, चेहऱ्यावर शतपावली. परवा एक पिशवी पलीकडच्या सोसायटीच्या गेटापाशी गेली. कोणी नेली हे वॉचमनला माहीत आहे, तो सांगत नाही. सकाळी ती आमच्या सेक्रेटरींच्या दारात होती, शेजारी आणखी दोन भरलेल्या पिशव्या आणि वर चिठ्ठी: "आपली वस्तू नजरचुकीनं आमच्याकडे आली होती. आम्हीही गेल्याच महिन्यात मशीन बसवलं आहे. सोबत आमचा नमुना पाठवत आहोत. स्वीकार व्हावा."